आधी ऐक

चंद्राच्या पाठीवरच्या मौन-तळावर तोंडानं कितीही बोंबला, कोणी हटकत नसे. बिनतारी चकार शब्द काढला की मात्र नोकरी गेली.

पृथ्वीचा बिनतारी गोंगाट या बाजूला पोचत नाही. म्हणून विश्वाच्या जन्मकाळची कुजबुज टिपणारी महादुर्बीण इथं बांधली. ती चालवायला शहाणी माणसं आली. शहाण्या माणसांनाही पाणी लागतं, तेव्हा बर्फाच्या खाणीत उतरायला बल्लारपूरकडची, कोळशात हयात गेलेली माणसं आणली. दुर्बिणीच्या कौतुकात त्यांचं नाव कुठं आलं नाही.

शेवंता आत्राम तळावरची दुरुस्तीवाली. तिचा थोरला भाऊ डोमाजी आणि त्याचा जोडीदार मारोती कोवे आज खाणीत होते. पाळी संपून दीड तास झाला तरी दोघं वर आले नव्हते. फलकावर त्यांच्या नावांपुढं हिरवा दिवा जळत होता : 'शांतता. सर्व ठीक.'

तिनं खाणीत घालायचा एक शिल्लक अवकाश-पोशाख टेबलावर आडवा केला, पाठीवरचं झाकण उघडलं आणि आतल्या चिमुकल्या संगणकाची नोंद वाचायला घेतली. निरोप धाडणारी बिनतारी पट्टी ठीक. तिला हुकूम देणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, तोही ठीक. शेवटची ओळ होती : 'परवानगीची वाट पाहत आहे.'



दुर्बीणप्रमुख सबनीस दारात उभे होते. "पट्टी बिघडली का?"

"बिघडली असती तर बरं झालं असतं, साहेब. सकाळच्या चंद्रकंपाच्या धक्क्यानं खाणीतल्या, निरोप वर पोचवणाऱ्या खांबाची वायर तुटली. पोशाख धडधाकट आहेत. पण या ड्रायव्हरला शिकवलंय, आधी ऐक, मग बोल. खांबाची खूण ऐकू आली, म्हणजे आपण खोल खाणीत आहोत, तरच तोंड उघडायचं. खांब मुका झाला, की पोशाख मुके. आपल्याशी नाही, एकमेकांशीही नाही. खाली हवा नाही, म्हणजे हाकही जात नाही."

"तो नियम मीच लिहिलाय," सबनीस म्हणाले. "त्यात तातडीची सोय आहे. लाल बटण."

"वाचली ती सोय. लाल बटण दाबून बोललं, की तो निरोप रांगेत सगळ्यांच्या पुढं उभा राहतो. पुन्हा दाबलं, की नवा निरोप जुन्याच्याही पुढं. पण दारच बंद आहे ना. बंद दारापुढं पहिला नंबर लागून काय करायचंय?"

सबनीसांनी चष्मा पुसला. "तुला काय हवंय?"

"हा नियम काढून एक बिनतारी खोकं खाणीच्या तोंडातून खाली सोडते. ते आधी बोलेल. त्याचं ऐकून पोशाख बोलतील."

"अकरा दिवसांचं निरीक्षण चालू आहे, शेवंता. चौदा देशांचं. दुर्बिणीखालीच बिनतारी खोकं बोललं तर सगळं मातीत. ती माणसं कदाचित चालत येतही असतील. खालून एक शब्द येऊ दे, त्या क्षणी परवानगी देतो."

"साहेब, तुमच्यातही तोच ड्रायव्हर बसवलाय."

त्यांना ते लागलं. "लेझरवरून पृथ्वीला विचारतो," ते म्हणाले.

समिती बसली. पंचवीस मिनिटं शेवंता त्यांच्या खोलीत उभी होती. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही. मग उत्तर आलं : 'अपघाताची खात्री होताच कळवा. परवानगी दिली जाईल.'

तिनं पुढं काही विचारलं नाही. टेबलाशी गेली, खोक्याच्या ड्रायव्हरमधल्या दोन ओळी खोडल्या. दोनच ओळी होत्या. पोशाख चढवला, खाणीच्या तोंडाशी पोचली आणि दोरानं खोकं खाली सोडलं.

चाळीस मीटरवर खोकं बोललं. पोशाखांनी ऐकलं.

आधी डोमाजीच्या पोशाखाची रांग मोकळी झाली. एक्केचाळीस लाल निरोप. सगळ्यात नवा सगळ्यात पुढं, अठरा मिनिटांपूर्वीचा. त्यात शब्द नव्हता. लांब, घरघरणारा एक श्वास होता.

त्याच्या मागचा : "...शेवंते..."

मग : "हवा संपत आली. कोणी हाय का?"

मग, दम असलेल्या आवाजात : "मारोती, अबे आयकू येत नाही का तुले?"

शेवंताच्या कानात तिचा मेलेला भाऊ असा उलटा जिवंत होत चालला. घरघर गेली, भीती गेली, आवाज भरला, शिव्या आल्या. शेवटी आला तो त्याचा पहिला निरोप, आणि त्यात तो हसत होता :

"मारोती, हात दे रे. पायच अडकला नुसता, दुसरं काही नाही. शेवंतीले सांगू नको, उगीच बोंबलत येईन."

मग दुसऱ्या पोशाखाचा दिवा लागला. हा आवाज आत्ताचा होता.

"कोण, शेवंताबाई? बरं झालं आली. मी ठीक हावो. मधात ढिगारा पडला, पलीकडचं दिसत नाही. माझ्यापाशी जादा नळकांडं हाय, चार तासांची हवा. डोमाजीले केव्हापासून हाका मारून रायलो, बोलतच नाही. जरा विचार ना त्याले, ढिगारा कोणत्या अंगानं फोडू?"

खोक्यानं दोन पोशाखांमधलं अंतर मोजून पडद्यावर दाखवलं होतं. नऊ मीटर.