पंधरावी काठी

"हात लावू नको त्या बॅगेले!"

रुचिकाचा आवाज ओसरीभर कडाडला आणि विनोदचे हात जागच्या जागी थिजले... दोन वर्षांनी धाकटी बहीण त्याच्याशी बोलली, आणि बोलली ती ही अशी! दारात जऊळक्याच्या स्टेशनला न्यायला जीप उभी होती. परवा तिची पात्रता स्पर्धा. तीत पात्र ठरली तर वर्षभर व्यावसायिक गोल्फ खेळता येणार, नाहीतर पुन्हा श्रीमंतांच्या पोरींना काठी धरायला शिकवत बसायचं.

आणि आत्ताच, सगळ्यांची नजर चुकवून, याडीनं, म्हणजे आई गोमतीबाईनं, फडक्यात गुंडाळलेली ती काठी बॅगेच्या तळाशी पुन्हा सारली होती. विनोदनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुण्याच्या गोल्फ मैदानावर गवत कापायला सारं कुटुंब जायचं, तेव्हा कुणा साहेबानं ती टाकून दिली होती. बाप गोविंदसिंगनं करवतीनं आखूड केली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि आठ वर्षांच्या लेकीच्या हातात दिली. रुचिका तिच्यावरच शिकली. पुढं बाप गेला, काठी राहिली. लेक घराबाहेर निघाली की बापाचा हात सोबत असावा, एवढंच त्या भोळ्या माउलीला कळत होतं! पण साहेबलोकांच्या खेळाचे नियम मोठे चमत्कारिक. बॅगेत चौदाच काठ्या चालतात, पंधरावी निघाली की दंड म्हणून फटके वाढतात, आणि ज्याचे फटके कमी तोच पुढं.

दोन वर्षांपूर्वी हेच घडलं होतं. तेव्हा रुचिकाची बॅग विनोदच वाहायचा, आणि खेळाआधी काठ्या मोजायचं कामही त्याचंच. त्यानं वर दिसणारी डोकी मोजली, चौदा भरली. आखूड काठी आत बुडालेली... तिसऱ्या होलपाशी फडकं हाताला लागलं. चार फटक्यांचा दंड! आणि रुचिकाची पात्रता हुकली ती तीनच फटक्यांनी.

"कोनं टाकली?" तिनं विचारलं होतं.

"मीच... शकुन म्हणून," तो म्हणाला होता. याडीचं नाव घेतलं असतं तर तिनं उरलेला जन्म स्वतःला दोष देत काढला असता! त्यानंतर मैदानावर कुणी त्याच्या खांद्यावर बॅग दिली नाही. ज्याला चौदा मोजता येत नाहीत, त्याला कोण ठेवणार? आता तो मंगरूळपीरच्या बाजारात पोती उचलतो.

आता सांगावं तर याडी मोडणार, गप्प राहावं तर बहीण बुडणार! विनोदनं बॅगेत हात घातला आणि फडकं बाहेर ओढलं.

रुचिकाचा चेहरा पांढराफटक पडला. "पुन्हा? काय वाईट केलं रे मी तुहं? काहून माह्या मांग लागला?"

"हो, मीच ठेवली," तो मान खाली घालून म्हणाला. "माफ कर. जा, गाडी चुकंन."

"खोटं कायले बोलून राह्यला?" गोमतीबाई चुलीपासून उठली. "मी ठेवली. मांगच्या खेपेलेबी मीच ठेवली व्हती. तुह्या बाचा हात हाय तिच्यावर, बाई! एका काठीचं असं काय ओझं झालं तुले?"

रुचिकानं आईकडं पाहिलं, मग भावाकडं... त्याच्या खांद्यावर पोत्यांनी पडलेल्या घट्ट्यांकडं. विनोद डोळ्यांनीच विनवत होता, याडीले सांगू नको!

तिचे डोळे भरून आले. "ओझं नाही, याडी," ती कसंबसं म्हणाली. "पर गाडीत हरवंन. बाची हे एकच वस्तू... तुह्यापाशीच राहू दे."

काठी आईच्या हाती देऊन ती वळली आणि विनोदच्या पायांवर कोसळली. "दोन वर्सं, भिया... दोन वर्सं मी तुह्याशी बोलली नाही!"

"येडी हाय का? ऊठ."

"तू संग येशीन तर उठते. माही बॅग तूच उचल."

विनोदनं बॅग अंगणात उपडी केली, तळापर्यंत हात फिरवला, आणि एकेक काठी परत ठेवत मोठ्यानं मोजू लागला. शेवटच्या आकड्याला त्याचा आवाज फुटला.

"चौदा."

जीप सुटताना गोमतीबाई आखूड काठी छातीशी धरून दारात उभी होती. भाऊ-बहीण शेजारी बसलेले पाहून तिनं डोळे पुसले आणि हसून ओरडली, "पाहा, बाच्या काठीनं गुन देला का नाही!"

"देला, याडी!" दोघंही एकदमच म्हणाले.