उत्तरेची भिंत

उताणी.

रत्नमाला सीटी स्कॅनच्या टेबलावर झोपली. वाशीममधलं आमचं छोटं सेंटर, दुपारची वेळ. तिला रक्ताचा कॅन्सर. किमोनं पांढऱ्या पेशी खाली गेल्या आणि फुप्फुसात बुरशी शिरली. धडधाकट माणसाच्या छातीत ती टिकत नाही. हिच्या उजव्या फुप्फुसात पोकळी झाली होती, पोकळीत बुरशीचा सुपारीएवढा गोळा. तो आटोक्यात येईपर्यंत पुढची किमो देता येत नव्हती. आणि किमो लांबली की कॅन्सर उलटणार.

असा गोळा सुटा असतो. उताणं झोपलं की पाठीकडे पडतो.

तिचा उजव्या कडेला टेकला होता.

पालथी.

आता तो छातीकडे यायला हवा. तो डाव्या कडेला गेला.

"मॅडम, दोन्ही खेपेले खिडकीकडंच पाहून राह्यला हा," टेक्निशियन मुन्ना म्हणाला. "होकायंत्र गिळलं का बाईनं?"

मी रत्नमालाचं डोकं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला करून पाहिलं. गोळा पुन्हा खिडकीकडे. उत्तरेला.

"तिकडं आमचं कामरगाव हाय," रत्नमाला म्हणाली. "मले तिकडं ओढल्यावानी होते."

मी औषधाचा डोस वाढवला. दुसरं काय करणार?

बसून.

मी तिचं घर पाहायला कामरगावला गेले तेव्हा ती खाटेवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. नवरा प्रसेनजित शाळेत मास्तर. त्यानं कबुतरं हाकलली होती, कडबा शेतात नेला होता, येणाऱ्याजाणाऱ्यांना दारातच थांबवलं होतं. बुरशी टाळायला मी सांगितलेलं सगळं.

"खोली तर मी सोता नवी केली," सासू विमलबाई अभिमानानं म्हणाल्या. "सून दवाखान्यातून येणार म्हून माती, शेण, कुटार कालवून सारी भिंत छाबली. पाहा ना, कशी गुळगुळीत हाय!"

ओल्या मातीतलं सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा. "बुरशीला याहून चांगली जागा नाही," मी म्हणाले.

"आई, तूच आणली वं घरात," प्रसेनजित म्हणाला.

"मले कोनं सांगतलं होतं?" विमलबाईंचा आवाज चिरकला.

कोणीच नाही. मीही नाही.

मी भिंतीला हात लावला. छाबून महिना होऊन गेलेला, बाहेर वैशाख. भिंत ओली होती. रत्नमालाची पाठ टेकायची तिथे खळगा पडला होता. सुपारी मावेल एवढा.

भिंत पाडली. माती पार नाल्यापलीकडे टाकली.

पुन्हा उताणी.

गोळा पाठीकडे.

पालथी.

गोळा छातीकडे. आकारही कमी. मुन्नानं टाळी वाजवली. प्रसेनजित काचेपलीकडे रडत होता. मी किमोची तारीख ठरवायला फोन हातात घेतला.

"आता नाही ना ओढत?" मी विचारलं.

"नाही जी." रत्नमाला अजून पालथीच होती. गाल टेबलावर, डोळे मिटलेले. "आता मले जा लागत नाही."

"म्हणजे?"

"आता तेच येऊन राह्यलं."

मुन्ना हसला. मग थांबला.

मी खिडकीपाशी गेले. रस्त्यावर ऊन पांढरं पडलं होतं.

खिडकीखालची भिंत सिमेंटची. गुळगुळीत, रंग दिलेली.

मी हात टेकवला.

आत गेला.