दाढीच्या आरशातला तारा

"तुम्हाला अर्धा तास आहे का?"

हा प्रश्न मी चष्म्याच्या दुकानात एका अनोळखी मुलाला विचारला. भर दुपारी, धापा टाकत. तो आरशासमोर काळी जाडजूड फ्रेम लावून मान इकडेतिकडे वळवत होता.

"आहे," तो म्हणाला. "पण आधी सांगा, ही फ्रेम कशी दिसते?"

"वाईट. चला."

आणि तो खरंच आला.

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्यांचं दुःख बाकीच्यांना कळायचं नाही. पुस्तकं परवडली, पण प्रॅक्टिकलला प्रत्येकीला एक जिवंत माणूस लागतो, स्वतःवर प्रयोग करू देणारा. त्याला सब्जेक्ट म्हणायचं. वर्गातलं कुणी चालत नाही. घरचा माणूस चालत नाही. प्रयोगाची आधीपासून माहिती असलेला तर मुळीच चालत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या शौनकला मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं, आणि ऐनवेळी त्याचा मेसेज आला, 'झोप लागली यार.' म्हणून मी कॉलेजसमोरचा रस्ता ओलांडून त्या चष्म्याच्या दुकानात घुसले होते.

मुलाचं नाव तेजस गावंडे. मूळचा दर्यापूरचा, राहायला कोथरूडला, नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. त्या दिवशी निरर्थक अक्षरं पाठ करण्याचा प्रयोग होता. मी सूचना वाचून दाखवल्या आणि स्टॉपवॉच हातात घेतलं.

"बरोबर आलं का?" प्रत्येक अक्षरानंतर तो विचारायचा.

"यात बरोबर-चूक नसतं. जे आठवेल ते सांगा."

"मग मार्क कशाचे?"

"मार्क माझे. तुमचे नाहीत."

तो गंभीर झाला. "बाप्पा! म्हणजे मी चुकलो तर तुमचे कटतील नं?"

"नाही कटत," मी म्हटलं. त्याला ते काडीचंही पटलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मानसशास्त्राची विद्यार्थिनी मी.

त्यानंतर प्रत्येक प्रॅक्टिकलला तोच. वेळेच्या आधी येऊन कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमन सीतारामकाकांच्या खुर्चीत बसलेला असायचा, आणि काका ओरडायचे, "अपूर्वाताई, तुमचा माणूस आलाय." मी चिडायचे. दर वेळी समजावून सांगायचे की ते सब्जेक्ट आहेत, माणूस नव्हे. तेजस खाली बघून हसायचा. मग प्रॅक्टिकल नसलेल्या दिवशीही गेटमधून शिरताना माझी नजर त्या खुर्चीकडे जायला लागली. याचाही मला रागच आला.

तेवढ्यात शेवटची परीक्षा आली. बाबांनी निकाल आधीच लावून ठेवला होता: पहिला वर्ग मिळाला तर एम.ए., नाहीतर मुकाट्याने बँकेच्या परीक्षांचा क्लास. क्लासवाल्यांशी त्यांचं बोलणंही झालं होतं. लेखी पेपर यथातथाच गेलेले. आता सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर होती.

आठवडाभर आधी प्रयोगांच्या चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या वाट्याला आरशातलं रेखाटन आलं. एका ताऱ्याच्या दुहेरी रेषेमधून पेन्सिल फिरवायची, पण हात पडद्याआड आणि नजर फक्त आरशात. पहिल्यांदा सगळ्यांचीच पेन्सिल भलतीकडे जाते. मग हळूहळू जमायला लागतं, चुका घटतात, आलेख खाली उतरतो. हेच दाखवायचं असतं.

त्या दिवशी घरी जाताना, परीक्षेची वेळ विचारायला गेटवर आलेल्या तेजसने माझ्या पिशवीतून डोकावणारा ताऱ्याचा कागद पाहिला. "हे काय आहे?"

"परीक्षेत कळेल. आरशात बघून काढायचंय. जास्त विचारू नका."

नाहीच विचारलं त्याने.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई माझ्याच टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मी स्टॉपवॉच सुरू केलं. तेजसने आरशात पाहिलं, पेन्सिल टेकवली, आणि एकही रेष न शिवता तारा काढून मोकळा झाला. सफाईदार. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी मी डोळे मोठे करून खुणावलं, हळू... त्याला वाटलं, मी खूश आहे. त्याने वेग वाढवला.

माझा आलेख टेबलासारखा सपाट. शेजारच्या टेबलावरून वर्गातली भाग्यश्री कुजबुजली, "आकडे बदल ना. कोण बघतंय?"

बदलता आले असते. पण त्याआधी सब्जेक्टला प्रयोगातला अनुभव विचारायचा असतो.

"प्रयोग करताना तुम्हाला काय वाटलं?" मी दात आवळून विचारलं.

"सोपं गेलं. ऑफिसातून आल्यावर रोज दाढीच्या आरशासमोर प्रॅक्टिस केली होती."

मला त्याच पेन्सिलने त्याला टोचावंसं वाटलं.

"कशासाठी?" बाईंनी विचारलं.

तेजस गोंधळला. माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पेन्सिलकडे. "मला वाटलं, माझ्या हातून चूक झाली तर यांचे मार्क जातील. यांना एम.ए. करायचंय. आणि मला... मला या फार आवडतात, मॅडम. त्या दुकानात 'वाईट' म्हणाल्या तेव्हापासून." त्याने माझ्या कागदाकडे बोट दाखवलं. "हे पण लिहायचं का?"

माझे कान तापले. भाग्यश्रीची पेन्सिल खाली पडली.

"लिही," बाई मला म्हणाल्या. "सब्जेक्टचा अनुभव शब्दशः लिहायचा असतो."

मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. आकडे होते तसेच ठेवले, आणि निष्कर्षात लिहिलं की सब्जेक्टचं शिकणं प्रयोगाआधीच झालेलं आहे, घरी, स्वतःच्या आरशासमोर.

बाईंनी वाचलं. "सकाळपासून सगळ्यांचे आलेख एकसारखे उतरताहेत, जणू एकाच वहीतून छापलेत. हा एक तेवढा खरा दिसतो." त्यांनी सही केली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

बाहेर आल्यावर मी त्याला मनसोक्त झापलं. एक वर्ष, एक पदवी, एक बाप, सगळं पणाला लागलं होतं, कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला... तो सगळं ऐकत उभा राहिला. डोळ्यांवर तीच काळी फ्रेम. वाईट म्हटलेली मुद्दाम घेतली होती.

निकाल लागला. प्रॅक्टिकलच्या मार्कांनी मला पहिल्या वर्गात ढकललं. बाबांनी पेढे आणले, क्लासचा विषय काढला नाही. मी पहिला फोन तेजसला केला.

"मग आता एम.ए.ला पण सब्जेक्ट लागेल नं?" तो म्हणाला. "मी येतो. या वेळी प्रॅक्टिस करत नाही, शप्पथ."

"नाही. तुम्ही चालणार नाही."

"अजून राग आहे?"

"आहेच. पण नियम आहे," मी म्हटलं. "घरचा माणूस चालत नाही."