ओंडक्यापलीकडची मोगरी

साल ठोकायची माझी मोगरी शेडमध्येच राहिली होती. ती आणायला मी दुपारी निघाले, एवढंच.

गावात चिडीचूप होतं. आमच्या टोंगा बेटांवर तुतीची साल ओंडक्यावर ठोकून ठोकून कापड करतात, आणि बायकांच्या मोगऱ्या गावात कुणी गेलं तरच थांबतात. वाटेत फोलोला भेटली. शेडमधल्या आम्हा बायकांची ती म्होरकी. तिला विचारलं, "कोण गेलं गं?"

तिने मान खाली घातली. "कुणी नाही, लुपे. तुझ्या छातीला धक्के बसू नयेत म्हणून आम्हीच बंद ठेवलंय."

"म्हणजे मी जिवंत असताना माझं सुतक?"

"तसं नाही गं..."

तसंच होतं. गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला यंत्र लावलं आणि सांगितलं, हृदयातून रक्त बाहेर सोडणाऱ्या झडपेला तीन पाकळ्या असतात, तुम्हाला जन्मापासून दोनच आहेत. तपासत राहा, पुढेमागे ऑपरेशन लागेल. बेतानं काम केलं तर चालेल, असंही म्हणाल्या. आजच मरा, असं कुठे म्हणाल्या? पण माझ्या मुलीने, वेईसिनियाने, माझ्या हातातली बादलीसुद्धा काढून घेतली. चर्चमध्ये बायका माझ्याकडे बघून डोळे पुसतात. नुसता संताप होतो.

यंत्रातून माझा ठोका ऐकला तेव्हा मात्र मी दचकले होते. ठक्, आणि मागून घासल्यासारखं सूंऽऽ. आवाज ओळखीचा होता. मेलेनाइते आत्याची मोगरी अशीच पडायची, ठोकून झालं की साल जराशी ओढायची. आत्या ऐन तारुण्यात गेली, ओंडक्यावरच. गावात सुतक असताना तिने मोगरी उचलली, म्हणून देवाने नेलं, असं लोक अजूनही बिनदिक्कत सांगतात. तिची छाती कुणी ऐकली होती का?

शेडमध्ये भिजलेल्या सालीचा आंबूस वास होता. मी रागारागाने बसले, साल पसरली आणि ठोकायला लागले. थोड्या वेळाने ओंडक्याच्या समोरून दुसऱ्या मोगरीची जोड मिळाली. ठक्, सूंऽऽ. समोर कुणीच नव्हतं. साल मात्र पलीकडच्या टोकाला पातळ होत, पसरत चालली होती.

"आत्या...?"

मी हात थांबवला. पलीकडचं थांबलं नाही. मग लक्षात आलं, ती साथ माझ्या मोगरीला नव्हती, माझ्या छातीला होती.

कशीबशी घरी आले. वेईसिनिया दारात उभी होती.

"आई, शेडमध्ये कोण राहिलंय? अजून ठोकतंय..."

"तुलाही ऐकू येतंय?"

मी छातीवर हात ठेवला. तिकडे एक ठोका चुकला. मग, क्षणभराने, हाताखाली माझा चुकला.

आधी ती, मग मी. आता रोज तसंच होतं. फोलोलाच्या दारात जाऊन मी भांडले, की वाजवा गं, सगळ्या मिळून वाजवा, मला दुसरं काही ऐकू येता कामा नये. त्या मायेने हो म्हणतात, माझ्या पाठीवरून हात फिरवतात आणि मी दिसले की मोगऱ्या खाली ठेवतात. गाव गप्प होतं. मग पलीकडची मोगरी एकटीच वाजत राहते, आणि मी पुढच्या ठोक्याची वाट बघत बसते.