आतून पाडलेलं भोक

सरांचा चौथा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिचे दोन्ही हात लाकडाच्या भुशानं माखले होते आणि डोकं तापलं होतं.

सर म्हणजे संगीताचे निवृत्त शिक्षक. परवा सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर होते, चादरीत गुंडाळलेला ड्रमचा शेल छातीशी धरून. शेल म्हणजे नुसता लाकडी गोल. कातडं नाही, ते आवळणारी कडी नाही. "हा कुठला ते ओळखा आणि वाजता करून द्या. परवा सहाला येतो," म्हणून गेले आणि मग फोन सुरू. उन्हात ठेवू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका. उलटा ठेवू नका. बाई गं, लेकरू पाळणाघरात ठेवल्यासारखं!

ड्रमदुरुस्तीचं दुकान मामाचं. पुढे काउंटर, मागे कामाची खोली. ज्यानं ड्रम दुरुस्त केला त्यानं शेलच्या आत पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहायचं, ही तिथली रीत. दोन वर्षं झाली तरी तिला एकाही ड्रममध्ये नाव लिहायला मिळालं नव्हतं. तिचं नाव एकाच जागी होतं, लाकडी हातोडीच्या दांड्यावर. ते मामानं पहिल्या दिवशी कोरून दिलेलं.

"हा शेल तुझा एकटीचा," मामा परवा म्हणाला होता. "नीट झाला तर आत नाव लिही. नाही झाला तर सोमवारपासून आई म्हणते त्या बँकेच्या क्लासला जा. मी मध्ये पडणार नाही."

आणि हा शेल काही केल्या ओळख देईना. कंपनीचा बिल्ला नाही, नंबर नाही. बहुतेक शेल पातळ थर चिकटवून करतात. हा एकाच फळीचा, वाकवलेला. बरं, फळी वाकवली की तिची दोन टोकं कुठेतरी भेटणार, तिथे सांधा येणार. तिनं नखानं दोनदा गोल चाचपून पाहिलं. सांधाच नव्हता. हवेसाठी ड्रमला एक भोक पुरतं, ह्याला चार.

"हॅलो, ऐकताय ना?" सर.

तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि पॉलिश पेपर घेऊन शेलची आतली बाजू घासायला लागली. हो सर. हो सर. लांब, लांब, लांब, मग दोनदा आखूड, हा तिचा घासायचा ठेका. सर काय बोलत होते ते ती ऐकतच नव्हती. फोन बंद झाला, भुसा खाली बसला, आणि तिनं आत पाहिलं.

आत नावं होती.

आधी वाचायचं, मग हात लावायचा, हा मामाचा पहिला नियम. जुन्या शेलची खरी ओळख आतल्या नावांत असते. तिनं दिवा जवळ आणला. चार ओळींपैकी तीन साफ गेल्या होत्या. चौथीतलंही नाव गेलं होतं, मागे एवढंच उरलं होतं: "हे चौथं भोक मी पाडलेलं नाही."

"मग मी पाडलं का?" ती वैतागून म्हणाली आणि तीही ओळ घासून टाकली. एक उरली तर बाकीच्या कुठे गेल्या ते मामा विचारेल.

मामा आला तेव्हा ती तीन भोकांत लाकडी खुंट्या बसवत होती.

"आतलं वाचलंस?"

"वाचलं. काही नव्हतं."

मामानं चौथ्या भोकावरून बोट फिरवलं. "गंमत बघ. ड्रिल बाहेरून आत जातं, म्हणून चिरफळ्या आत निघतात. ह्याच्या बाहेर आहेत."

"आतून पाडलं असेल."

"एवढ्याशा शेलात ड्रिल मावतं का? धरून दाखव की, हुशार!"

मग म्हणाला, "काम मात्र सुबक झालंय. लिही नाव."

तिनं लिहिलं. पूर्ण नाव, खाली तारीख. अक्षर छान आलं. मामानं वाचलं, मान हलवली आणि पुढे काउंटरवर गेला. तिनं दोन्ही बाजूंना कातडं चढवलं, कडी बसवली, चावीनं स्क्रू आवळले आणि काडीनं एक ठोका दिला.

थप्प. ओल्या मातीवर हात मारावा तसा.

"अरे देवा, आता काय!" तिनं कान जवळ नेला.

घस्... घस्... घस्... घस् घस्.

लांब, लांब, लांब, मग दोनदा आखूड.

तिनं घाबरून उघड्या भोकावर तळहात दाबला. हात आत ओढला गेला, कुणीतरी श्वास घ्यावा तसा.

"मामा!"

"अगं, गिऱ्हाईक आहे इथे!"

"मामा... ये ना..."

तो चरफडत आला. तिचं काहीबाही ऐकून त्यानं स्क्रू सोडवले, कातडं काढलं, आत पाहिलं. लाकूड कोरं होतं. गुळगुळीत, आणि हात लावला तर कोमट.

"नाव कुठंय?"

"लिहिलं होतं! तू वाचलंस ना?"

"वाचलं की..." मामाचं बोट शेलच्या कडेनं सरकत एका जागी थांबलं. तिथे पाचवं भोक होतं. चिरफळ्या बाहेर. खाली टेबलावर पिवळ्या भुशाचा लहानसा ढीग.

आणि तेव्हा, इतक्या उशिरा, सरांचा फोनवरचा आवाज तिच्या डोक्यात नीट उमटला. नावं तेवढी पुसू नका हं. नावं असली की ते गप्प राहतं.

"मी पुसली ती," ती पुटपुटली.

"तू आतून घासलंस?" मामाचा चेहरा लाल झाला. "खोटं बोललीस माझ्याशी?"

चिडला की मामा तिला पूर्ण नावानं हाक मारायचा, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. आत्ताही त्यानं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं...

आणि तसाच उभा राहिला.

"घे ना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "ओरड ना, मामा! घे माझं नाव!"

त्याचे ओठ हलले. डोळे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते.

तिनं झडप घालून हातोडी उचलली. दांडा गुळगुळीत, कोमट.

मग तिनं स्वतःच म्हणून पाहिलं. जिभेवर पहिलं अक्षर आलं. त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

टेबलावर भुशाचा ढीग आणखी थोडा वाढला.