सातनंतर बोलू

"अहो… तुमच्या उमेदवार पडतायत!"

मी वळून पाहीपर्यंत एका माणसाने पळत येऊन आमच्या उमेदवार बाईंना दोन्ही हातांनी धरलं होतं. म्हणजे त्यांच्या होर्डिंगला. हिल्सबरो या आमच्या उपनगरातल्या त्या चढावर पाऊस आडवा येत होता आणि मी वाऱ्याला मराठीत चार शब्द सुनावत होते. त्या माणसाच्या अंगात विरोधी पक्षाचं जॅकेट होतं आणि त्याचा ओला गाल आमच्या बाईंच्या छापील गालाला टेकला होता.

"फोटो काढू का?" मी विचारलं. "तुमच्या पक्षाला पाठवते."

"आधी खिळा ठोका. मग खुशाल पाठवा."

मी खिळा ठोकत असताना त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. एरवी मी लाजले असते, निदान केस तरी सारखे केले असते. पण त्या दिवसांत मी इतकी थकलेली असायचे, की कुणी पाहिलं काय आणि नाही काय. त्याने नाव सांगितलं, श्रीनाथ. मूळचा पुण्याचा, इथे सॉफ्टवेअरमध्ये. मी म्हटलं, संपदा. आणि पुढच्या चौकात गाडी नेली.

थकायचं कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. मी आमच्या खासदारसाहेबांच्या ऑफिसात फोन घ्यायचे. इथल्या उन्हाळ्यात, जानेवारीत, पूर आला, घरांत पाणी शिरलं, तेव्हा चार दिवस येणाऱ्या प्रत्येक फोनवर मी सांगत होते, "साहेब टौरंगाला आहेत, उद्या नक्की येतील." टौरंगा तीन तासांवर. मला तसंच सांगितलं होतं आणि मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. साहेब होते फिजीला, एका बिल्डरच्या बोटीवर. फोटो छापून आला, राजीनामा झाला, आणि ऐन थंडीत ही पोटनिवडणूक लागली. आता नव्या बाईंसाठी मी दारोदार हिंडत होते. एका आजींनी दार उघडून अगदी शांतपणे विचारलं, "आले का ते टौरंगाहून?" त्या दिवशी मी गाडीत बसून खूप रडले.

पण श्रीनाथ भेटत राहिला. वारा सुटला की आमचा बोर्ड पडायचा आणि त्याचा शेजारचा ताठ उभा असायचा.

"तुमच्या बाईंचा कणा कमकुवत आहे," तो म्हणायचा.

"आणि तुमचे साहेब लाकडीच आहेत… म्हणून टिकतात."

मग तो हसत आमचा बोर्डही सरळ करून द्यायचा. हळूहळू मी वाऱ्याची वाट पाहायला लागले. हवामानाचा अंदाज बघून कपडे निवडायला लागले, तेव्हा माझं मलाच हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलेलं.

मतदानाआधीच्या रविवारी तो अवोन्डेलच्या बाजारात दिसला. एका हातात पत्रकं, दुसऱ्या हातात मेथीच्या दोन जुड्या.

"मत देणार का?"

"मेथी द्या. मताचं बघू."

त्याने खरोखरच एक जुडी माझ्या पिशवीत टाकली. आम्ही कागदी कपातून कॉफी पीत उभे राहिलो. गर्दीत त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि मी बाजूला होत नव्हते. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "एक विचारू? पुराच्या त्या चार दिवसांत… तुमच्या ऑफिसात नक्की काय झालं?"

मी खांदा बाजूला घेतला. दोनच दिवसांपूर्वी त्याच्या पक्षातून कुणीतरी फोन करून हेच विचारलं होतं. मतदानाआधी मी तोंड उघडलं असतं तर त्यांना सोन्याहून पिवळं.

"तुम्हीसुद्धा?" मी म्हणाले. "मला वाटलं होतं…"

"काय वाटलं होतं?"

"काही नाही. जाते मी, मेथी निवडायची आहे."

"संपदा, मी त्यासाठी नाही विचारलं."

"मग कशासाठी?"

तो बोलणार होता. पण त्याने एकदा स्वतःच्या जॅकेटकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे घालून सांगितलं तर तुम्हाला खरं वाटणार नाही."

मी निघून आले. तो मला आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता, आणि म्हणूनच भीती वाटत होती. एका गोड बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवून माझी पुरती शोभा झाली होती. तसंच पुन्हा झालं असतं तर मला झेपलं नसतं.

शुक्रवारी सगळे बोर्ड उतरले. इथला नियमच आहे, मतदानाच्या दिवशी प्रचाराचा एक शब्द नाही, एक फलक नाही. कुणाचं मन वळवायचं नाही. पक्षाचे पोलिंग एजंट तेवढे केंद्रात बसतात, छातीला पक्षाच्या रंगाची फीत लावून आणि तोंड मिटून. शनिवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये मी माझ्या खुर्चीवर बसले, आणि शेजारच्या खुर्चीवर श्रीनाथ येऊन बसला.

"किया ओरा," तो म्हणाला.

"किया ओरा."

बस, इथला नमस्कार, एवढंच. हॉल गारठलेला होता. काही वेळाने त्याने हीटर पायाने माझ्या बाजूला सरकवला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. दुपारी सगळे आळीपाळीने खायला गेले, तो गेला नाही. सकाळपासून त्याने काही खाल्लेलं नव्हतं, आणि हे माझ्या लक्षात आलं म्हणून मी स्वतःवरच चिडले.

"बोलायचंय," तो शेवटी पुटपुटला.

"बोला की."

"आज मन वळवायला बंदी आहे. सातनंतर बोलू."

"सातनंतर काय उरणार आहे?"

"तेच तर," तो म्हणाला आणि समोर बघत राहिला.

सातला केंद्रप्रमुख बाईंनी दार लावलं. मोजणीला बसायला आमच्या पक्षाचा कार्यकर्ता हरीश आला, त्यांच्याकडूनही कुणी आलं. आम्ही बाहेर ओल्या पायऱ्यांवर आलो. श्रीनाथने छातीची फीत काढून खिशात घातली.

"आता तुला काय माहीत आहे, याचा माझ्या पक्षाला काडीचा उपयोग नाही," तो म्हणाला. "आता ऐकशील?"

मी मान हलवली. तो 'तू' म्हणाला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं.

"पुरात मी तुमच्या ऑफिसला फोन केला होता. घरात गुडघाभर पाणी होतं. तू म्हणालीस, साहेब टौरंगाला आहेत."

मला वाटलं, संपलं सगळं. मी खाली बघत राहिले.

"त्या दिवशी मी दहा ठिकाणी फोन लावले होते. सगळ्यांनी पोस्टकोड विचारला. तू नाव विचारलंस… आणि मग एकदम मराठीत म्हणालीस, 'तुम्ही जेवलात का?' देवळाच्या हॉलमध्ये खिचडी आहे, तेही तूच सांगितलंस. मी तिथे जेवलो आणि भर पंगतीत रडलो. साहेबांवर चिडून त्या पक्षात गेलो, संपदा. तुझ्यावर कधीच चिडलो नाही. हिल्सबरोला तू वाऱ्यावर ओरडत होतीस ना, तेव्हाच आवाज ओळखला."

"मग बाजारात ते…"

"त्या चार दिवसांत तुझं काय झालं, एवढंच विचारायचं होतं. विचारायला मात्र चुकलो."

इतके महिने मी समजत होते की त्या चार दिवसांत माझ्या तोंडून फक्त खोटं गेलं. कुणीतरी खरं तेवढं ऐकून घेतलं होतं, जपून ठेवलं होतं. मी रडले, आणि त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, नुसता शेजारी उभा राहिला. बरं वाटलं.

खिशातला फोन सारखा थरथरत होता. आम्ही हरत होतो. ऑफिस आता दुसऱ्या पक्षाचं, सोमवारपासून मला नोकरी नव्हती.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "हा प्रचार नाही."

मी फोन बंद केला. त्याच्या कोटाची बाही हळूच धरली.

"श्रीनाथ… जेवलास का?"

"नाही."

"मग चल. त्या मेथीचं थालीपीठ लावते."