करक आणि काळी बॅग

रश्मी दारातच हमसून रडू लागली, तेव्हा शरच्चंद्रांचा पोह्यांचा घास हातातच राहिला. शनिवारची सकाळ होती, पण बायकोच्या अशिलांना वारबीर काही नसतो.

"ताई, माझ्या नवऱ्याला चोर ठरवलंय हो! उद्या पोलिसांत तक्रार जाणार. नोकरी गेली की व्हिसा खलास. आमच्या सावनीची शाळा अर्ध्यावर सोडून जायचं कुठं?"

इरावतीबाईंनी तिला बसवलं. विम्याचे खोटे दावे उघडे पाडण्यात या बाईंची वीस वर्षं गेली होती. आता आखातात, मनामात खासगी तपास करायच्या. डोकं त्यांचं, गाडी शरच्चंद्रांची, अशी संसाराची वाटणी होती.

रश्मीचा नवरा किसन हिद्दच्या एका शीतगृहात इलेक्ट्रिशियन होता. गुरुवारी बाहेरचं काम आटोपून कंपनीचा महागडा मीटर त्यानं माहूजला घरी आणला. शुक्रवारी त्याची सुट्टी. म्हणून सकाळी सहाला मीटरची काळी बॅग त्यानं त्याच इमारतीत राहणाऱ्या सहकारी उज्ज्वलकडे स्टोअरला पोचवायला दिली. आठच दिवसांपूर्वी नागपूरहून आलेला उज्ज्वल म्हणत होता, बॅग मला दिलीच नाही.

"उज्ज्वल जसा गेला तसंच जाऊ. बसनं," इरावतीबाई म्हणाल्या.

"दारात गाडी असताना?" शरच्चंद्र कळवळले. पण ऐकतंय कोण! किसनला घ्यायला माहूजला गेले, तिथल्या कॅफेटेरियापुढं गाडी लावली आणि निदान तिथला करक चहा तरी घेतला. दुधाळ, वेलचीचा, जीभ भाजणारा. घोट घेतात न घेतात तोच किसन म्हणाला, "चला काका, आपली बस समोरून." ग्लास सांभाळत दोन्ही रस्ते आणि मधला दुभाजक ओलांडताना निम्मा चहा शर्टावर सांडला. पुढं मुख्य स्टँडवर बस बदलली. शनिवारच्या सुट्टीमुळं रस्ते रिकामे होते, तासाभरात हिद्द आलं.

स्टोअरकीपर चिराग फणकारला, "मीटर मफी, मॅडम! है ही नहीं! साइन किसन की, जिम्मेदारी किसन की."

"याच्या मेव्हण्याला माझी जागा हवीय," किसन पुटपुटला. शरच्चंद्रांनी डोळे बारीक केले. चोर सापडला!

"उज्ज्वल कितने बजे आया था?" इरावतीबाईंनी विचारलं.

"साढ़े नौ. डेढ़ घंटा लेट. हाथ खाली."

मग तिशीतला उज्ज्वल आला. नजर जमिनीवर.

"उशीर का झाला रे?"

"ट्रॅफिक, मॅडम. बस हलतच नव्हती."

"उपाशीच निघाला होतास?"

"नाही, स्टॉपला लागूनच कॅफेटेरिया आहे ना. करक संपवला आणि तिथंच बस मिळाली."

शरच्चंद्रांना यात काही वावगं दिसेना. इरावतीबाई मात्र हसल्या.

"चिरागभाई, तुमचा मीटर कोणी चोरलेलाच नाही. उज्ज्वल, शुक्रवारी सकाळी इथं कसलं आलंय ट्रॅफिक? इथं शुक्रवार-शनिवार साप्ताहिक सुट्टी! हा बहाणा नागपुरात चालेल. आणि कॅफेटेरियाच्या बाजूनं हिद्दकडची बस मिळतच नाही. तिच्यासाठी आमच्या ह्यांनी आज शर्ट खराब केलाय."

"म्हणजे?" शरच्चंद्रांनी विचारलं.

"अहो, आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, इथं उजवीकडून. हा सवयीनं रस्त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला. आली ती बस भलतीकडं जाणारी! चूक उमगल्यावर घाबरून उतरला, उलट फिरला, म्हणून दीड तास गेला. आणि बॅग राहिली पहिल्या बसमध्ये. खरं की नाही?"

उज्ज्वल मटकन खाली बसला. "आठ दिवसांत नोकरी गेली, तर आईला काय सांगू? डोक्यावर कर्ज नाही, पण ती आशा लावून बसलीय."

"आणि माझ्या लेकीला मी काय सांगू?" किसन कडाडला.

इरावतीबाईंनी बसच्या हरवल्या वस्तूंच्या खिडकीला फोन लावला. मग तो ठेवून म्हणाल्या, "काळी बॅग, आत मीटर. कालपासून तिथंच आहे."

चिरागनं तक्रारीचा कागद टराटरा फाडला. "सॉरी, किसनभाई."

किसन उज्ज्वलकडं वळला. हात उगारलेला पाहून शरच्चंद्र मध्ये पडायला निघाले. पण त्या हातानं उज्ज्वलला दंडाला धरून उभं केलं.

"उद्या सहाला खाली ये, माझ्याबरोबर. महिनाभर एकटा बसमध्ये चढलास तर याद राख! आणि आधी घरी चल, रश्मीपुढं खरं बोल. काल रात्रभर तिचा डोळा लागलेला नाही."